सुनेची पाठवणी

हर्षाली लहान होती तेव्हा तिला वाटायचं, सगळ्यांच्याच आज्या एसटीने येतात.

दर गुरुवारी त्यांच्या पेठ गावच्या थांब्यावर नारायणगावकडची गाडी उभी राहायची आणि तिच्यातून आजी पाठमोरी उतरायची. एका हाताने दांडी घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत बाजरी आणि बाजरीत पुरलेली गावरान अंडी. बोरी बुद्रुक ते नारायणगाव एक गाडी, तिथून पेठेपर्यंत दुसरी, मधे अवसरीचा घाट. एवढ्या हिसक्यांतही अंडं कधी फुटलं नाही. एखाद्या गुरुवारी डब्यात मासवड्या असायच्या. घरात आल्याबरोबर ती हर्षालीला पुढ्यात घ्यायची, नखं बघायची, केसांत बोटं घालून बघायची, मग हर्षालीच्या आईने, साधनाने दिलेला चहा प्यायची आणि तीनच्या गाडीने परत जायची. मुक्काम कधी नाही.

शाळेत जायला लागल्यावर हर्षाली कोड्यात पडली. आईची आई वेगळी होती. पप्पांच्या आईचा फोटो भिंतीवर होता. मग ही बोरीची आजी कुणाची आई? आठ वर्षांची असताना तिने हे सरळ आजीलाच विचारलं. साधना ओट्याशी उभी होती, तिचा हात थांबला. आजीने मात्र काही लपवलं नाही.

"मी तुझ्या बापाची आई. तुला दोन बाप हायेत. एक गेला, एक हाय. गेला तो माझा गोरख."

त्या दिवसापासून आजी दर गुरुवारी गोरखची एक गोष्ट सांगायला लागली. एकच. त्याला वांगं चालायचं नाही. तो दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायचा ती नदीपल्याड ऐकू जायची. हर्षाली पंधराची झाली तोवर गोष्टी संपल्या होत्या आणि जुन्याच पुन्हा यायला लागल्या होत्या. हर्षालीने ते कधी बोलून दाखवलं नाही.

बाकीची हकिकत तिला तुकड्यातुकड्यांनी कळली. काही आईकडून, काही गेणभाऊंकडून. गेणभाऊ म्हणजे बोरीतले बैलांचे दलाल. बोरीकडच्या आणि पेठेकडच्या दोन्ही तालुक्यांतली घरं न् घरं त्यांना ठाऊक.

आजीचं नाव अंजना. माहेर येडगावचं. पंधराव्या वर्षी ती बोरीत धर्माजींच्या घरी आली. कुकडीकाठची जमीन, दारात जनावरं, कामाला अंत नाही. पहिली दोन मुलं वर्षाच्या आतच गेली. मग मंगल झाली आणि मंगलच्या पाठीवर सहा वर्षांनी गोरख. त्याला चालता येत होतं तरी ती त्याला कडेवर घेऊन खुरपायला जायची, असं गेणभाऊ सांगायचे.

नव्व्याण्णव सालच्या ऑगस्टात गोरख विहिरीवर मोटार चालू करायला गेला. विजेची पेटी ओली होती. शॉक लागून तो जागच्या जागी गेला. वय एकोणतीस. साधना तेवीस वर्षांची, हर्षाली अडीच.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी आजी गोठ्यात गेली, म्हशीची धार काढली, दूध तापवलं आणि पेला साधनाच्या हातात दिला. "पी. पोरीसाठी तरी पी." त्यानंतर ती लोकांसमोर रडली नाही.

वर्ष सरलं. साधना घरचं, शेतातलं सगळं करायची. गल्लीत कासार आला की मात्र गोठ्यात जाऊन बसायची, तो जाईस्तोवर बाहेर यायची नाही. आजीला ते दिसत होतं. पण तिचं मन हललं ते दुसऱ्याच गोष्टीने.

एके दुपारी छोट्या हर्षालीने धर्माजींची टोपी उचलून वासराच्या डोक्यावर ठेवली. वासरू टोपीसकट अंगणभर उधळलं आणि साधना खळखळून हसली. वर्षभरात पहिल्यांदा. तेवढ्यात आजी गवताचा भारा घेऊन दारात आली. तिला पाहताच साधनाचं हसू जागीच थांबलं. तिने पदर डोक्यावर ओढला आणि खाली मान घालून शेंगा निवडायला लागली.

पुढे कितीतरी वर्षांनी आजीने हर्षालीला सांगितलं, "मी काय तिला वरडले व्हते का? न्हाई. पण माझी चाहूल लागली आन् पोरीनं हसू गिळलं. भारा डोक्यावर तसाच. मनात आलं, मी इतकी वाईट बाई कवा झाले?"

त्याच संध्याकाळी तिने धर्माजींना वाढता वाढता सांगितलं, "साधनाचं लगीन लावायचं."

धर्माजींचा घास हातातच राहिला. "डोकं फिरलं का तुझं?"

"माझी मावशी बघितलीया मी येडगावात. सोळाव्या वर्षी कपाळ पुसलं, ऐंशीव्या वर्षी गेली. मदली चौसष्ट वर्सं ती कुणाची कोण व्हती, कुणालाच सांगता यायचं न्हाई. माझ्या घरात मला ते नगं."

धर्माजी आठ दिवस बोलले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ कुशाबा मात्र बोलायला आला आणि ओट्यावर उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला.

"वहिनी, आपल्यात असलं चालत न्हाई. उद्या भावकीत तोंड दाखवायचं का न्हाई आमी?"

"भावकीला सांगा, अंजनानं केलं," आजी म्हणाली. "माझं तोंड मी दाखवीन."

गेणभाऊंनी एक स्थळ सुचवलं. पेठेला पुणे-नाशिक रस्त्यावर सुभाषचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती, बाळही वाचलं नव्हतं. आजी कुणाला न सांगता एकटीच एसटीने पेठेला गेली. गॅरेजसमोर लिंबाखाली बसली आणि दोन तास नुसती बघत राहिली. एक गिऱ्हाईक सुभाषवर उगाच ओरडत होतं. सुभाषने त्याचं सगळं ऐकून घेतलं, ट्रॅक्टर चालू करून दिला, मग म्हणाला, "आता सांगा, दादा, माझं काय चुकलं." तो माणूस वरमला. तेव्हा आजी उठली.

तिने त्याला दोनच गोष्टी विचारल्या. पोरीला तुझ्या नावानं नाही, बाप म्हणून हाक मारू देशील का? आणि मला माझ्या नातीला बघायला येऊ देशील का?

सुभाषने रॉकेलच्या फडक्याला हात पुसले. "पोर तुमची, येणं तुमचं," तो म्हणाला. "मी कोण नाही म्हणणारा?"

साधनाला हे कळलं तेव्हा ती संतापली. तेव्हा ती सासूला आत्याबाई म्हणायची.

"मला घराबाहेर काढताय व्हय, आत्याबाई? माझं काय जड झालं तुमाला?"

"काढत न्हाई, बाई. पाठवतीया. मंगलला पाठवली तशी."

साधना चार दिवस जेवली-बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने एवढंच सांगितलं: जाईन, पण हर्षालीला घेऊन जाईन.

आता सगळ्यांत अवघड जागा आली. कुशाबाचं म्हणणं, पोर आपल्या रक्ताची, ती इथंच राहील. धर्माजींनाही तेच वाटत होतं. ते पहिल्यांदाच बायकोसमोर रडले. "गोरखची तेवढीच खूण राहिलीया, अंजना." आणि आजीला? हर्षालीने एकदा धीर करून हे विचारलं होतं. आजीने पदराची कडा दुमडली. "मला बी तुला ठेवायचंच व्हतं," ती म्हणाली. "दोन दिवस मी तेच मनात धरून व्हते. सकाळी तू उठलीस आन् आई दिसंना म्हनून हाका मारीत घरभर फिरलीस. साधना नदीवर धुणं धुवायला गेली व्हती, दुसरं काय न्हाई. पण तेवढ्यात मला कळायचं ते कळलं."

लग्न देवळात झालं. पंधरा माणसं. भावकीतलं कुणी आलं नाही. मंगल पिंपरीहून आली, तिनेच साधनाला साडी नेसवली. हिरवा चुडा आजीने स्वतःच्या हाताने भरला. गाडी निघताना धर्माजींनी नातीच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि तोंड फिरवून मळ्याकडे चालू लागले.

त्यानंतर दोन वर्षं बोरीत आजीला कुणी लग्नाच्या मांडवात हळद लावायला पुढे बोलावलं नाही. तिने तक्रार केली नाही. गुरुवार आला की पिशवी भरायची आणि गाडी धरायची. साधना पेठेत तिला आई म्हणायला लागली. कधीपासून ते दोघींनाही नीट आठवत नाही.

दोन हजार चार साली साधनाला मुलगा झाला, ऋषी. बाळंतविडा घेऊन आजी आली आणि पहिल्यांदाच पेठेला राहिली. चांगला सव्वा महिना. ऋषीलाही ती अंडी, मासवड्या, नखं बघणं सगळं तसंच. तो चौथीत असताना शाळेत वंशावळ काढून आणायला सांगितली, तेव्हा हर्षालीने त्याला समजावलं की बोरीची आजी त्या कागदावर त्याच्या बाजूला येत नाही. ऋषी भडकला. पुढच्या गुरुवारी त्याने कागद आजीपुढे आपटला.

"तू माझी आजी नाहीस?"

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "कुठं लिवलंय तसं?"

"लिहिलेलं नाही. जागाच नाही तुला."

"मग काढ की जागा. पेन्सिल हाय का न्हाई?"

ऋषीने कागदाच्या कडेला चौकोन काढला आणि त्यात अंजना असं लिहिलं. बाईंनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह केलं. ऋषीने ते खोडू दिलं नाही.

धर्माजी गेल्यावर आजी बोरीत एकटी राहिली. मंगल बोलवायची, पण फ्लॅटमध्ये तिचा जीव रमायचा नाही. ऊस घरापर्यंत आलेला, बिबट्याच्या भीतीने लोक दिवस मावळायच्या आत दारं लावून घ्यायचे. आजी म्हणायची, त्याला माझ्यात काय मिळणार, नुसती हाडं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सोडायच्या दिवशी सुभाष गाडी घेऊन हजर. गादी घातलेली, उशा लावलेल्या.

"मी बोरीला जाणार," आजी म्हणाली. "जावयाच्या घरी कुणी ऱ्हातं का?"

"जावई का लेक, ते तुम्ही सावकाश ठरवा," सुभाष म्हणाला. "आधी गाडीत बसा."

शेवटची सहा वर्षं ती पेठेला होती. त्याच काळात हर्षाली जनावरांची डॉक्टर झाली, घोडेगावच्या दवाखान्यात लागली. सुट्टीच्या दिवशी घरी आली की आजी अडलेल्या म्हशीची, पान्हा चोरणाऱ्या गाईची चौकशी करायची आणि डॉक्टरच्या औषधाला नाक मुरडायची. हर्षालीला तिच्याशी वाद घालायला आवडायचं. पुष्कळदा आजीचं बरोबर निघायचं, विशेषतः कासेत गाठी झालेल्या म्हशीच्या बाबतीत. चुकायचं तेव्हा साफ चुकायचं, आणि ते ती काही केल्या मान्य करायची नाही.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी चहा पिऊन ती पुन्हा आडवी झाली, ती उठलीच नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तिला बोरीला नेलं. नदीकाठी मडकं कुणी धरायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा भावकीतले तरुण एकमेकांकडे पाहायला लागले. कुशाबा नव्वदीकडे झुकलेला, काठीवर रेलून उभा होता. त्याला नीट दिसतही नव्हतं.

"सुभाष कुठंय?" त्याने विचारलं. सुभाष पुढे आला. "मडकं तू धर. वहिनीनं तुला बघून-पारखून घेतला व्हता. आमी तवा पाठ फिरवून बसलो व्हतो."

सुभाषने डोकं भादरलं, मडकं धरलं.

दशक्रियेला गर्दी चांगली झाली. कुणीतरी माईकवरून आजीच्या प्रेमळ आणि कष्टाळू स्वभावाबद्दल बोललं. ते खोटं नव्हतं. पण तसं कुणाच्याही आजीबद्दल बोलता आलं असतं, असं हर्षालीला वाटत राहिलं. पंगती उठल्यावर बायकांच्या बाजूने एक चाळिशीची बाई तिच्याजवळ आली. अनोळखी.

"तू हर्षाली ना? मी ओतूरहून आले. आधी बोरीतच व्हते, वरच्या आळीला. माझे मालक गेले तवा तुझी आजी माझ्या सासूकडं यायला लागली. तीन-चार महिने, रोज दुपारी. कधी लसूण सोलायची, कधी वाती वळायची. तो विषय एकदाबी काढला न्हाई. मग एक दिवस सासूबाईच म्हणाल्या, अंजना, सुभाषसारखं कोन हाय का बघ." बाईने डोळे पुसले. "माझी सासू आजबी माझ्याकडं सणाला येती."

हर्षालीने आईकडे पाहिलं. साधनाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"अशा अजून कोणी?" हर्षालीने विचारलं.

"मला म्हाईत असलेल्या दोघी. जास्तबी असतील. ती कुठं सांगायची!"

साधना सतरंजीवर सरकली आणि बाईला हाताला धरून शेजारी बसवलं. "कुठल्या साली झालं तुमचं?" तिने विचारलं. बाई सांगायला लागली. हर्षाली दोघींसाठी चहा आणायला उठली.