साठ अंडी आणि एक बंद फाईल

तामलवाडीत माझ्या काकूंनी थर्माकोलच्या खोक्यात गावरान कोंबड्यांची साठ अंडी उबवायला ठेवली, तेव्हा आतला बल्ब कधी लावायचा नि कधी विझवायचा हे त्यांनी माझ्या प्रोग्रॅमवर सोडलं. अंडी बचत गटातल्या बायकांची होती. एकविसाव्या दिवशी पिल्लं देते, असा शब्द काकू देऊन बसल्या होत्या. मी बिनघोर होतो. धाराशिवात दहा वर्षं कॉम्प्युटरची कामं करून माझ्या अंगात थोडी मस्ती आली आहे, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडते.

तापमान मोजणाऱ्या कार्डाबरोबर एक लायब्ररी फाईल आली होती. आधीच कम्पाईल केलेली, म्हणजे आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून ती लोड करायची आणि तिच्यातल्या फंक्शनला काम सांगायचं. सुरुवातीला लोडच होईना. फाईल बत्तीस बिटची, माझं पायथन चौसष्टचं. बत्तीसचं पायथन टाकलं आणि चहा निवायच्या आत आकडा आला, ३७.७. फंक्शन तो आकडा मी दिलेल्या मेमरीतल्या जागेत लिहायचं आणि उत्तर म्हणून एक शून्य परत पाठवायचं. शून्य घेऊन मला काय करायचंय? मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

आठव्या दिवशी दुपारी काकूंनी एक अंडं उचलून मिटल्या पापणीला लावलं. ऊब पारखायची ही त्यांच्या आईची रीत.

"आरं, गार पडलीत की ही."

"काकू, स्क्रीन बघा. सदतीस पॉइंट सात."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? तूच लावून बघ."

लावलं. अंडं खरंच गार होतं.

कार्डाला जोडलेल्या सेन्सरची तार निसटली होती. फंक्शन बिचारं दर खेपेला शून्याऐवजी उणे एक पाठवून सांगत होतं की वाचता आलं नाही. माझ्या जागेत मात्र सकाळचाच आकडा पडून होता. प्रोग्रॅमला वाटलं ऊब आहे, म्हणून बल्ब लागलाच नाही. मी तार बसवली आणि उत्तर तपासायची ओळ घातली. शून्य नसलं की आता भोंगा वाजतो. नंतर एकदाही चूक झाली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

एकविसाव्या दिवशी बायका टोपल्या घेऊन आल्या. अंड्यांवर पेन्सिलीनं जिची तिची खूण होती. बहुतेक अंडी फुटून पिल्लं निघाली, पण एका बाईच्या पाचांतून काहीच निघालं नाही.

"माझ्याकडूनच गार पडली गं," काकू म्हणाल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकूंकडून न्हाय," मी म्हणालो. "चूक माझी हाय."

ती बाई रागावली नाही, हसलीही नाही. रिकामी टोपली तिनं माझ्या हातात दिली.

"मंग तूच भरून आण."