स्वस्त झालेला चहा

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. बोलणे या गोष्टीजवळ आले की मी विषय बदलायचो. आता ऐंशी उलटली. मी शिकवलेल्या कितीतरी लोकांच्या वह्यांत एक चुकीचे वाक्य पडून आहे, म्हणून लिहितो.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. बी.ए.ला अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध असे. इंग्लंडने तिथल्या वसाहतींत कागदावर, काचेवर, चहावर कर बसवले. लोकांनी विलायती कापड सोडले, बायका घरी सूत कातू लागल्या. शेवटी बोस्टनच्या बंदरात लोक जहाजांवर चढले आणि चहाच्या पेट्या पाण्यात फेकल्या. हे सगळे मी रंगवून सांगायचो आणि वहीत उतरवून द्यायचो : 'करामुळे चहा महाग झाला, म्हणून तो फेकला.'

एका वर्षी तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. विणकराच्या घरची, सक्करदऱ्याहून पायी यायची. एम.ए. करून इतिहास शिकवायचा, असे तिने मला मुद्दाम येऊन सांगितले होते.

"सर, चाय तर स्वस्त झाली होती. लायब्ररीतल्या पुस्तकात आहे. मंग काहून फेकली?"

मी हातातल्या टिपणांची पाने चाळू लागलो. तीच पुढे म्हणाली, "मिलचं लुगडं आमाले स्वस्त पडते, तरी बाबा घरात येऊ देत नाही. म्हणते, एकदा आणलं का आपला माग बंद. तसंच असन का जी?"

"काहून?" मी तिच्या सुरात म्हणालो. "बोस्टनच्या बायकांना लुगडी नेसवतेस का? आधी 'का' म्हणायला शीक, मग अमेरिकेला जा."

वर्ग हसला. मागून कोणी ओरडले, "काहून वं, काहून?" ती खाली बसली.

'काहून' हा माझ्या आईचा शब्द. खेड्यातून शहरात आल्यावर मी तो मोठ्या कष्टाने तोंडातून घालवला होता.

त्याच दुपारी लायब्ररीत जाऊन मी ते पुस्तक काढले. तिचेच बरोबर होते. कर तसाच ठेवून इंग्रज व्यापारी कंपनीचा चहा स्वस्त केला होता. तो घेतला असता तर आपल्याला न विचारता कर लावण्याचा इंग्लंडचा हक्कही मान्य झाला असता. लोकांनी ते ओळखले. स्वस्ताईच्या आडून काय येते, हे तिच्या बापानेही मागावर बसून ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी ती वही उघडून बसली होती. एक वाक्य बोललो असतो तर भागले असते. मी फळा पुसला आणि पुढचा धडा घेतला.

त्यानंतर कॉलेजात तिचे नावच 'काहून' पडले. तिने पुन्हा प्रश्न विचारला नाही. एम.ए.ला ती आली नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत तेच वाक्य उतरवून देत राहिलो. बदलले असते तर कोणीतरी कारण विचारले असते.

मागच्या वर्षी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर एका बाईने हाक मारली. केस पिकलेले, चेहरा हसरा.

"सर, ओळखलं का? मी काहून!"

मी जवळचा खांब धरला. तिने मला बाकावर बसवले.

"पुढे शिकलीस?"

"कुठचं जी. हुडकेश्वरले शिवणाचा क्लास घेते. पोरी बहुत प्रश्न विचारते. मी विचारू देते."

तिची गाडी आली. ती वाकून माझ्या पाया पडली. वाक्य ओठांवर होते, पण मी म्हणालो, "जपून जा." दार बंद झाले.

तेव्हा म्हणायचे होते ते एवढेच : चाय स्वस्तच झाली होती. तुयं बरोबर होतं, अन् मले ते त्याच दुपारी समजलं होतं. मले माफ कर वं.