इन्शिराहची अट

माझी वहिनी इन्शिराह हिला नवऱ्याने एकदाच मारलं, पण असं मारलं की डाव्या हाताचं हाड कोपराखाली मोडलं. भर दुपारी, अंगणात, भट्टीसमोर. भाकरीचं पीठ थापून उन्हात फुगायला ठेवलं होतं, त्याच्यावरून ती फरफटत गेली. मी वहीबा, मारणाऱ्याची सख्खी बहीण. भट्टीत भाकरी सारायचं लांब दांड्याचं फळकूट माझ्या हातात होतं, तेच भावाच्या पाठीत घातलं. दांडा मोडला. मेल्याला कळलंसुद्धा नाही.

कारण काय, तर कबुतरं. आमची आई तफीदा हिला सुनेच्या पोटाची भारी काळजी. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना. कबुतराची कोवळी पिल्लं भरडलेला गहू भरून शिजवली आणि सुनेला चारली की दिवस जातात, असं आईचं ठाम मत. म्हणून म्हातारी शिडी लावून मातीच्या कबुतरखान्यावर चढली, घरट्याच्या मडक्यात हात घातला, आणि पिल्लाऐवजी हाताला लागली दवाखान्यातल्या गोळ्यांची पाकिटं. मूल होऊ नये म्हणून बायका घेतात त्या.

"बखीत!" आई शिडीवरूनच ओरडली. "ये, बघ तुझ्या बायकोने काय अंडी घातलीत!"

पुढचं सांगितलंच. इन्शिराह रडली नाही, पाया पडली नाही. पिठाने माखलेली, हात लोंबतोय, ओठ फाटलेला, आणि तोंड चालूच. "मार! हात मोडलास, आता मान मोड. पण पोटात मी कुणाला घेणार नाही!"

"का? मी काय कुत्रा आहे?"

"कुत्रा असतास तर बरं झालं असतं. तुझी पिल्लं सुखाने जगली तरी असती!"

बखीतचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग तो वळला आणि स्वतःच हाडवैद्याला बोलवायला गेला. खजुराच्या फांदीच्या कामट्या बांधताना तिने बखीतचा दंड दातांनी असा धरला की रक्त आलं. त्याने तो सोडवून घेतला नाही.

ती बोलली ते खरंच होतं, म्हणून तर झोंबलं. आमचा थोरला भाऊ हमाम याने पाटाच्या पाण्यावरून गावातल्या उवैसच्या मुलाला फावड्याने मारला. डोकं फुटून मेंदू बाहेर, ऊस लाल झाला. हमाम तुरुंगात गेला आणि तिथेच तापाने मेला. उवैसच्या घराने ते मरण हिशेबात धरलं नाही. अंथरुणात मेला तो काय मेला? त्यांना आमच्या घरातला पुरुष हवा होता, त्यांच्या हातून मेलेला. आणि आमच्या घरात पुरुष एकच उरला होता, बखीत. बायकांच्या अंगाला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. बाहेरच्यांनी नाही, असं म्हणायचं. घरातल्यांचं पाहिलंतच.

ऊस डोक्यावर गेला, आत माणूस लपेल इतका वाढला, की बखीत घराबाहेर पडायचा नाही. पडलाच तर कमरेला पिस्तूल. अशा माणसाला मुलगा हवा होता, आणि तोही लवकर.

"मला उद्या गोळी घातली तर माझं काय उरणार गं?" तो तिला म्हणायचा. भिंती मातीच्या, मला पलीकडे सगळं ऐकू यायचं. "दाराला कुलूप लागेल. एक नाव तरी राहू दे मागे."

"नाव हवंय ना? भिंतीवर लिही."

"इन्शिराह, थट्टा करू नकोस."

"थट्टा तूच करतोयस. तू गेलास की ते माझ्या मुलाला मिशी फुटायची वाट बघणार. मी त्याला अंगावर पाजायचं, न्हाऊमाखू घालायचं, आणि वाढवून त्यांच्या बंदुकीपुढे उभा करायचा? हमामच्या अंगाखांद्यावर मी खेळले, तुझ्यासोबत लहानाची मोठी झाले. माझंही रक्तच आहे ते. पुरे झालं."

चुलत्याची मुलगी ती. त्याचं लहानपण तिला तोंडपाठ, त्यामुळे त्याची भीड अशी तिला नव्हतीच. आई रोज म्हणायची, टाक हिला, दुसरी आण. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. जीव होता हो त्याचा तिच्यावर, आणि त्याच जिवाने तिचा हात मोडला होता. मला अजून त्याचा राग येतो.

मग एक दिवस तिने अट घातली. "तू कफन घेऊन उवैसच्या दारात जा. ज्या दिवशी तू पंचांना शब्द देशील, त्या दिवशी मी लपवलेल्या बाकीच्या गोळ्या भट्टीत टाकीन."

बाई गं, काय भडकला! खुनाचं वैर मिटवायचं तर आमच्याकडे हाच रस्ता. ज्याच्या घरावर खून चढलाय त्याने अनवाणी, उघड्या डोक्याने, स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन सगळ्या गावादेखत चालत जायचं आणि म्हणायचं, हा मी, हे माझं कफन, मारा नाहीतर सोडा. ते सोडतात. मानेला सुरी लावतात आणि त्याच्याऐवजी मेंढा कापतात. पण त्या दिवसापासून माणूस गावात मान वर करत नाही, असं आमचे पुरुष म्हणतात. बखीतने काठी उचलली आणि ओळीने ठेवलेले पाण्याचे सगळे रांजण फोडले. अंगणभर चिखल झाला. इन्शिराह गळ्यात बांधलेल्या हाताने दारात उभी राहून बघत होती. "झालं?" म्हणाली. "आता प्यायला पाणी कोण आणणार, तुझी आई?"

शेवटी त्याला वळवलं ते त्यांच्याच गोळीने. तो गाढवावरून शेतातून येत होता. गोळी गाढवाच्या मानेत शिरली. तडफडणाऱ्या जनावराखाली बखीत पाटात पडून राहिला, आणि उवैसची माणसं उसात त्याला हुडकत इतकी जवळून गेली की त्यांच्या चपलांचा आवाज त्याला ऐकू येत होता. घरी आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत गाढवाचं रक्त. आई किंचाळली. तो इन्शिराहसमोर मटकन खाली बसला. "जातो मी," म्हणाला. "तुझ्या मनासारखं होऊ दे. पंचांना सांगतो."

तिने त्याच पावली गोळ्या भट्टीत टाकल्या. पंचांनी ऊसतोड संपल्यावरचा शुक्रवार धरला. तोवर इन्शिराहला दिवस गेले होते. भट्टीजवळ ती ओकली तेव्हा मी ओळखलं. तिने माझं मनगट धरलं. "काकूला सांगू नकोस. तो परत येऊ दे, मग आपण मिळून सांगू." बखीतला तिने सांगितलं होतं. तेवढे दिवस तो वेड्यासारखा स्वतःशीच हसत असायचा.

कफन आईने शिवलं. कुणाला हात लावू दिला नाही. शुक्रवारी नमाजानंतर पंच दारात आले, अख्खं गाव गोळा झालं, आणि आईने घडी केलेलं कफन बखीतच्या हातांवर ठेवलं. त्याचे हात खाली गेले. कापडाला कुठे इतका भार असतो? त्याने आईकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी पाहिला. पण कफन एकदा हातावर घेतलं की खाली ठेवायचं नसतं. ठेवलं की समेट मोडला. तो चालायला लागला.

"काय घातलंस त्यात?" मी आईला धरून गदागदा हलवलं.

"चूप बस! मोकळ्या हाताने पाठवू माझ्या पोराला त्या कसायांकडे? त्याचं पिस्तूल आहे. लागलं तर लागलं."

मी धावले. पुरुषांची भिंत होती पुढे, कोण वाट देतं? इन्शिराह बायकांबरोबर उवैसच्या शेजारच्या छपरावर होती, तिथे चढले. खाली उवैससमोर बखीत गुडघ्यावर बसला होता. त्याने कफन पुढे धरलं. उवैसने ते तसंच घडीने बाजूला ठेवलं असतं तर माझा भाऊ आज जिवंत असता. पण उवैस म्हातारा, भला माणूस, कफन बखीतच्या खांद्यावर पांघरावं म्हणून त्याने ते झटकून उलगडलं.

पिस्तूल दगडावर खणकन पडलं.

"दगा!" कुणीतरी ओरडलं. बखीतने दोन्ही हात वर केले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, रिकामे हात. उवैसच्या पुतण्याने छातीत दोन गोळ्या घातल्या आणि पडल्यावर तिसरी तोंडात. मग जमलेल्यांतूनही बार सुटले. मेंढा दोरी तोडून रक्तातून पळाला. उवैस मधे पडून "थांबा, थांबा" करत होता, त्याच्याही मांडीत गोळी गेली. इन्शिराह छपरावरून उडी मारायला निघाली. मी आणि आणखी दोघींनी तिला केसांना धरून मागे ओढली.

प्रेत घरी आणलं. आईने कुणाला रडू दिलं नाही. सूड घेतल्याशिवाय आमच्यात सांत्वनाला कुणाला दारात घेत नाहीत. कफन धरलेल्या माणसाला मारलं होतं, आता खून त्यांच्या घरावर चढला होता. आई बखीतचा रक्ताने कडक झालेला झगा घेऊन इन्शिराहसमोर बसली.

"पोटात काही आहे का? खरं सांग. असला तर तो माझा आहे. मी त्याला या झग्यावर झोपवीन. आधी गोळी झाडायला शिकवीन, मग बोलायला."

इन्शिराहने कामट्या काढलेला वाकडा हात त्या झग्यावर ठेवला.

"या रक्ताची शपथ, काकू. पोट रिकामं आहे."

आई तिच्यावर थुंकली. "वांझोटी! माझं घर बुडवलंस!" चप्पल घेतली आणि तोंडावर मारत सुटली. इन्शिराहने चेहरा वाचवला नाही. दोन्ही हात पोटावर धरून ती तशीच बसून राहिली. मारून मारून आई थकली, तेव्हा मी तिच्या हातातली चप्पल काढून घेतली. दुसऱ्या दिवशी इन्शिराह तिच्या मामाबरोबर शहरात गेली. कुठल्या ते सांगणार नाही.

आई मरेपर्यंत तिला वांझ म्हणून शिव्या देत राहिली. मी उशाशी बसून "हो गं आई" म्हणत राहिले. तेवढं खोटं मला जड गेलं नाही.

आई गेल्यावर मी एकदा त्या शहरात गेले, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन, विकणारी बाई म्हणून. दार त्यानेच उघडलं. माझ्या खांद्यापर्यंत आलाय. बाप समुद्रात बुडाला असं त्याला सांगितलंय. चालणं थेट बखीतचं. मला तिथेच भोवळ आल्यासारखं झालं, तर आत पळाला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"घे, मावशी," म्हणाला. "उन्हाची कशाला हिंडतेस?"

मी पाणी प्यायले, तांब्या परत दिला आणि निघाले.