नदीच्या दोन्ही काठांवर

सावनेरजवळच्या आमच्या रेडिओ केंद्राचा पल्ला फार लांबचा नाही. आसपासची गावं, नदीच्या पलीकडच्या काही वाड्या, बस्स. नागपूर शहरात आमचा आवाज पोचतही नाही. तरी गेली कित्येक वर्षं मी तिथं दर आठवड्याला एक कार्यक्रम करते. गावासाठी बिनपैशाचं काम करणाऱ्या माणसांना बोलतं करायचं, एवढंच त्याचं स्वरूप. स्मशानभूमीत झाडं लावून ती जगवणारे निवृत्त ड्रायव्हर त्यात येऊन गेले. पलीकडच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायाही येऊन गेल्या. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला तेव्हा त्यांनी स्वतः मुरूम टाकून तो नीट केला होता. आपला आवाज रेडिओवर ऐकताना माणसं लाजतात, मग घरच्यांना हाका मारून बोलावतात. मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी गणपती विसर्जनाचं थेट प्रसारण खाप्याच्या घाटावरून करायचं ठरलं. खापा माझं माहेर. आमच्या घरी पूर्वी हातमाग होता. बाबा गेले, माग विकला गेला आणि दादा कोळशाच्या खाणीत लागला. पण विसर्जनाच्या दिवशी तो सुट्टी काढायचाच. घाटावर पोरांचं एक पथक असायचं. नारिंगी जाकिटं, दोरखंड, हवा भरलेल्या ट्यूबा. बायाबापड्यांना पाण्यात उतरू द्यायचं नाही, मूर्ती स्वतः नेऊन सोडायच्या, कोणी घसरलं तर ओढून काढायचं. दादा त्यांचा म्होरक्या.

मी मोबाइलवरून बोलायचं आणि केंद्रावरच्या आमच्या काकांनी ते प्रसारित करायचं, असं ठरलं होतं. काका म्हणजे केंद्राची यंत्रं सांभाळणारे वयस्कर गृहस्थ. दुपारी मी दादालाच फोनसमोर उभं केलं. घरी माय आणि वहिनी रेडिओ लावून बसल्या आहेत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"यंदा पाणी जास्त आहे. भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"भीती काहून वाटन? या नदीतच खेळून मोठे झालो आमी," तो हसला. "लोकायले एकच सांगणं हाय, पाण्यात उतरू नोका. मूर्ती आमच्याजवळ द्या."

माझ्या आवाजात तेव्हा काय अभिमान होता!

वरच्या अंगाला पाऊस झाला होता. पाणी गढूळ आणि ओढ धरलेलं. ऊन कलताना एका मंडळाची मोठी मूर्ती आली. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. मूर्तीसोबत एक तरणा माणूस पायरीपायरीनं खाली उतरत गेला. गॅरेजमध्ये काम करायचा, हे मला मागाहून कळलं. पथकातला एक जण त्याला "मागं हो गा, मागं हो" म्हणत होता. मूर्ती कलली, तिच्या पाटाचा धक्का त्याला लागला आणि तो गेला. ओरडलासुद्धा नाही. गढूळ पाण्यावर एक हात दिसला आणि त्याच्यामागे, दोरखंडाचं टोक मुठीत धरून, दादाची उडी.

दादानं त्याला पकडलेलं मी पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं. दोरखंड ताणला गेला, काठावरची पोरं ओढू लागली, आणि एकाएकी दोर सैल पडला. पोरं मागच्या मागे पायऱ्यांवर आपटली. पाण्यावर कोणीच नव्हतं.

फोन माझ्या तोंडाशीच होता. मी काय बोलत होते मला आठवत नाही. काकांनी मागाहून सांगितलं, मी नुसती "दादा, दादा" म्हणत होते आणि ते सगळ्या गावांत ऐकू गेलं. मग काकांनी गाणं लावलं.

"पोरी, काय झालं? सांग मले," ते फोनवर विचारत होते.

"दोघं वाहून गेले. एक दादा आहे."

"गाणं थांबवतो. तू बोल. दोन्ही काठाच्या लोकायले सांग. नाव नोको घेऊ कोणाचं."

मी बोलले. खाप्याच्या घाटावरून दोन माणसं वाहून गेली आहेत, खालच्या गावांनी काठाकाठानं पाहा, दोर घ्या, पाण्यात एकट्यानं उतरू नका. वाक्यं नीट येत होती. हीच वाक्यं माय ऐकते आहे आणि आपल्या तोंडून ऐकते आहे, हे कळत असूनही मी ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. थांबले असते तर दुसरं काहीच उरलं नसतं.

ढोल बंद झाले होते. पोरं काठानं खाली धावत गेली. घाटावर एक बाई आली, पदर खांद्यावरून घसरलेला, पायात चप्पल नाही. त्या माणसाची बायको. तिला कोणीतरी माझ्याजवळ आणून बसवलं, कारण खबर आली तर माझ्याच फोनवर येणार होती. तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"सापडतीन ना वं ताई?" ती विचारायची.

"सापडतील," मी म्हणायची.

मग काकांचा आवाज आला. "पोरी, पलीकडून फोन आला. त्या मुरूमवाल्या बाया. काठावर एक जण सापडला म्हणते. बाभळीच्या फांदीले धरून होता. जिता हाय."

"एक?"

"एकच."

"कोण?"

"ते नाही माहीत त्यायले. बोलून नाही राहिला तो. थरथरून राहिला नुसता. फोन जोडून देतो."

ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. एक जिवंत आहे, एवढं तिनं ऐकलं होतं. मी मनातल्या मनात काय मागत होते ते इथं लिहिणं भाग आहे. मी माझ्या भावाला मागत होते. तीही तिचा माणूस मागत होती. आम्ही एकमेकींचा हात घट्ट धरून एकमेकींच्या विरुद्ध देवाला साकडं घालत होतो आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

फोन जोडला गेला. वाऱ्याचा आवाज, बायांची गडबड.

"मावशी, अंगावर जाकीट आहे का?"

"काईच नाही वं. फाटकी बनेन हाय."

"डाव्या नडगीवर बघा. निळसर डाग आहे का, जखमेत कोळसा राहून गेल्यासारखा?"

"थांब," ती म्हणाली. कोणाला तरी कंदील आण म्हणाली, मग नको म्हणाली, दिसते म्हणाली. "हाय. निळा डाग हाय."

बाजूची बाई मला हलवू लागली. "काय म्हणते वं? ताई, काय म्हणते थे?"

मी तिला सांगितलं. दुसरं कोण सांगणार होतं? "माझा भाऊ आहे," मी म्हणाले. तिनं माझं मनगट सोडलं. रडली नाही. उठून पायऱ्या उतरू लागली, तेव्हा पोरांनी तिला धरलं.

तिचा नवरा दुसऱ्या दिवशी बराच खाली सापडला.

दादाला नागपूरला, रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं होतं. छातीत पाणी गेलं होतं. ताप उतरला तरी तो बोलेना. माय त्याच्या पायाशी बसून राहायची. एकदाच मला म्हणाली, "तुया आवाज आयकला अन् मले वाटलं, रेडिओ फोडून टाकू."

तो घरी आल्यावर केंद्राच्या समितीची मंडळी आली. त्याच्यावर खास कार्यक्रम करू, गावात सत्कार ठेवू, असं त्यांचं म्हणणं. माझ्याही मनात आलं, सत्कारानं दादाला बरं वाटेल. दादा भिंतीला टेकून ऐकत होता.

"माया हातातून सुटला थो," तो म्हणाला. "त्याची बोटं इथं होती, इथं." त्यानं आपला दंड दाखवला. "मी त्याले सोडलं का त्यानं मले, तेही सांगता येत नाही मले. सत्कार कशाचा करता?"

मंडळी चहा न घेता गेली.

मी घाटावरच्या त्या बाईकडे गेले होते. माझ्यासोबत वहिनी होती. त्या बाईच्या सासूनं पाणी दिलं. ती स्वतः लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. दादाला कसं आहे, असं तिनंच विचारलं. बरं आहे, म्हणताना माझी मान वर होईना. "जगला ना," ती म्हणाली, "बस झालं," आणि मुलीचे केस विंचरू लागली. त्या बोलण्यात माया होती की राग, मला आजवर कळलेलं नाही. परत येताना वहिनी ऑटोत रडत राहिली. मी तिला थांब म्हटलं नाही.

दादा खाणीवर जातो, येतो. घाटाकडे फिरकत नाही. पथकाची पोरं सणाला येऊन बसतात, तो त्यांच्याशी क्रिकेटवर बोलतो. माझा कार्यक्रम लागला की तो उठून अंगणात जातो. मला बंद कर म्हणत नाही. मीही अजून दर आठवड्याला कोणालातरी बोलावते, त्यांच्या कामाचं कौतुक करते. दुसरं काम मला येत नाही. कौतुकाचे ते शब्द तोंडातून निघताना जड होतात, मी ते खाली पाहून, हळू म्हणते, आणि काचेपलीकडून काका माझ्या माइकचा आवाज थोडा वाढवतात.