अर्जात राहिलेला शब्द

"थांबा मास्तर, तात बोली ऱ्हायनी," असं म्हणून आमच्या गल्लीतले पिंजारीचाचा एक बोट वर करायचे. मग भलाभला माणूसही गप्प उभा राहायचा. पिंजणाच्या तातीवर, त्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी मूठ पडली की तिच्या सुरावरून त्यांना कळे, कापूस फुलला की नाही. डोळे बहुतेक मिटलेलेच असत.

लढाईच्या दिवसांत गावाबाहेरच्या माळावर विमानं उतरायला पट्टी झाली. आधी आठवड्याला एखादं विमान यायचं आणि सारं गाव बघायला धावायचं. मग पट्टी वाढली, विमानं वाढली आणि कौतुक आटलं. म्हशी दूध चोरू लागल्या. माझ्या शाळेत पाढे अर्ध्यावर तुटू लागले. चाचांचं दुखणं वेगळं. विमान डोक्यावर आलं की तात ऐकू येत नसे आणि गादीत गोळे राहत. लोक गाद्या परत आणू लागले.

"चाचा, हाऊ गोळा कसाना शे?"

"मन्हा हात नही चुकना. मन्हा कान चुकना."

शेवटी गावानं अर्ज करायचं ठरवलं. लिहिणारा मी. सरकारच्या विमानांविरुद्ध लिहायचं म्हणजे हातात बेड्या, म्हणून मी शहाणपणा केला. 'गावात दिवसभर कानठळ्या बसवणारा आवाज होतो, बंदोबस्त व्हावा,' एवढंच लिहिलं. पहिला अंगठा चाचांचा.

"इमाननं नाव लिखं ना, मास्तर?"

"साहेबले समजी जाई, चाचा."

साहेब चौकशीला आला त्या दिवशी नेमकं एकही विमान नाही. गल्लीत एकच आवाज, धुंग धुंग. मिळालेली शांतता साधून चाचा तुंबलेलं काम उरकत होते. "आवाज इमानना शे," कुणीतरी म्हणालं. साहेबानं अर्ज पुढे केला. "यात कुठे लिहिलंय?" मी मान खाली घातली. त्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांत हुकूम आला. पिंजाऱ्यानं वस्तीबाहेर जावं. मोकळी जागा होती ती फक्त माळावर, पट्टीला लागून.

"तठे तात कशी ऐकू येई, मास्तर?" एवढंच चाचा म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. गाव सोडून शहाद्याला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी गादी पिंजून दिली. सवयीनं बोट वर केलं, तेवढ्यात विमान आलं. त्यांनी बोट खाली घेतलं.

लढाई संपली, पट्टीवर गवत उगवलं. चाचा परतले नाहीत. माझ्या गादीत उशाच्या अंगाला एक गोळा आहे. नवा पिंजारी दरवर्षी विचारतो, "काढू का?"

मी नको म्हणतो.