लाभ, दोन, तीन

पुण्याला गेले त्या दिवशी मी कोथिंबिरीशेजारी बसून गेले. खोटं नाही सांगत. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, पिकअपमध्ये पुढे आई आणि माझी बॅग. मागे जुड्यांच्या ढिगाजवळ ओल्या गोणपाटावर मी. आमच्या फाट्यावर पुण्याची गाडी थांबत नाही, म्हणून मार्केटला जाता जाता त्यांनी मला नाशिकच्या द्वारका चौकात सोडलं. "पोस्ट काढूनच ये," दादा एवढंच म्हणाले. आणि गंमत बघा, बस नाशिकरोडवरून सिन्नरकडे निघाली ती पुन्हा आमच्याच फाट्यावरून! आमचं वावर, विहीर, दारातलं शेवग्याचं झाड, सगळं खिडकीतून मागे गेलं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बॅग उचलून निघालेल्यांनो, त्या दिवसापासून माझा पाय काही एका जागी ठरत नाही.

पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत खुर्ची घेतली. चाळीस जण, चाळीस पाण्याच्या बाटल्या, आणि कुणाच्या पेनाचं टोपण पडलं तरी चाळीस माना वर. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षेतच गेले. दुसऱ्या वर्षी मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकलं. तिसऱ्या वर्षी परत पूर्व. मग पुस्तकं गोणीत भरून कॉटखाली ढकलली आणि एका ऑफिसात फोन घ्यायची नोकरी धरली. घरी मात्र सांगितलं नाही. रोज फोनवर एकच, "हो दादा, चाललाय अभ्यास." दीड वर्ष हे चाललं. खरं सांगायला जीभ उचलायची नाही.

अभ्यासिकेतल्याच पोरांनी मग एक नाटक उभं केलं, गाण्यांचं. सगळी गाणी आमचीच. भरतीची जाहिरात कधी निघणार याचं एक, मेसच्या वरणाचं एक, लग्न ठरलेल्या मैत्रिणीला निरोप द्यायचं एक. मला आवाज होता, जुड्या बांधता बांधता आईबरोबर गाऊन तयार झालेला. मला काम मिळालं घरी खोटं बोलणाऱ्या मुलीचं. आता काय बोलायचं!

त्या मुलीचं एक गाणं आहे, आपले अटेम्प्ट मोजायचं. पहिल्या तालमीत गाणं उचलताना मी हात वर केला आणि सवयीने म्हणाले, "लाभ, दोन, तीन, चार!" सगळे खो खो हसले. ढोलकीवाला म्हणाला, "हा कुठला ताल काढलास बाई?" आमच्याकडे पाच-पाच जुड्या उचलून मोजतात, आणि पहिल्या खेपेला 'एक' कुणी म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. हे सांगायचं सोडून मी लाजले. दुसऱ्या दिवसापासून 'एक' म्हणू लागले. स्वतःचाच राग येतो आता.

पुण्यात प्रयोगांना पोरं शिट्ट्या मारायची, आणि निम्मी डोळे पुसत बाहेर पडायची. मग नाशिकचा प्रयोग लागला, रविवारी दुपारी. आई-दादांना बोलावलं नसतं तरी कळलंच असतं. बोलावलं. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत दादांची पांढरी टोपी, शेजारी आई, लग्नाला जावं तशी नटून.

फोनचा प्रसंग आला. "हो दादा, चाललाय अभ्यास," मी म्हणाले. या वाक्याला हशा ठरलेला. तो आला. दोन माणसं तेवढी हसली नाहीत.

प्रयोगानंतर पिकअपपाशी दादांनी विचारलं, "परीक्षा सोडली ना?"

"सोडली. दीड वर्ष झालं."

"अगं बया!" आई भडकली. "मी हितं देवाला नारळ बोलतीय अन् तू तिथं... बोलायचं तरी! आमी काय खाल्लं असतं का तुला?" मग तीच रडायला लागली, आणि मीही.

दादांनी टोपी काढून हातात फिरवली. म्हणाले, "ते झालं. पण मोजतानी 'एक' का म्हनलीस? आपल्यात पहिल्याला एक म्हनत नाय."

"लोक हसतात, दादा."

"हसू दे की. पावसानं सडलेला माल उचलतानीबी मी लाभच म्हनतो. आजवर कदी एक म्हनलो नाय."

त्यांनी मला द्वारकेला सोडलं. बस फाट्यावरून गेली तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. पुढच्या प्रयोगापासून मी गाणं 'लाभ' म्हणूनच उचलते. ढोलकीवाल्याला कारण सांगितलं. आता तोही माझ्याबरोबर म्हणतो.

म्हणून मी शांत झाले असं नाही हं. फोनच्या नोकरीत जीव रमत नाही. पुण्यात असले की वावर आठवतं, आणि वावरात दोन दिवस काढले की पुण्याची बस. घर कुठलं असं कुणी विचारलं तर पटकन गावाचं नाव येत नाही तोंडात. एवढं मात्र कळलंय, की तिथं आता मला खोटं बोलावं लागत नाही.

परवा दादांचा फोन आला. मागे आई जुड्या बांधत गुणगुणत होती.

"काय चाललंय?"

"दुसरी नोकरी शोधतेय, दादा. पहिलीच मुलाखत दिली. नाही घेतलं मला."

ते म्हणाले, "लाभ."