मालकाच्या गादीपेक्षा उंच

चाकणच्या पेठेत दौलतरावांची सुक्या मासळीची वखार होती. साल छप्पन-सत्तावन्न असेल. कोकणातून पोती यायची आणि शनिवारच्या बाजाराआधी बायका तो माल निवडायच्या. जमिनीवर उकिडवं बसायचं, विळीवर बोंबलांची डोकी उडवायची, सुकटीतली वाळू वेचायची. दिवसभर मान खाली.

छबूबाई श्रीवर्धनकडची. नवऱ्यामागे इकडं आली. तो गेला, ही राहिली. हात असा चालायचा की बघत राहावं. पण त्या हिवाळ्यात कंबर धरली. संध्याकाळी दोघींनी बगलेत हात घालून उभं करावं, तेव्हा उठायची. दौलतरावांनी ते पाहिलं.

"बसणं होत नसेल तर सोमवारपासून दुसरी बघतो."

कंबर मोडली वखारीत आणि दोष बाईचा! वा रे न्याय!

हे काम गेलं तर छबूबाईची चूल पेटणार नव्हती. शेजारची कौशल्याबाई मात्र गप्प बसणारी नव्हे. मोशीच्या शेतकऱ्याची लेक ती. शुक्रवारी सकाळी तिनं मोडक्या बैलगाडीची फळी उंच खोक्यांवर टाकली, त्यावर विळी दोरीनं आवळली आणि छबूबाईला पुढ्यात उभं केलं.

"हितं कर काम. ताठ."

गादीवर रेललेल्या दौलतरावांना मान वर करून बघावं लागलं. ते भडकले. "खाली बस! मालक खाली अन् बाई वर, ही कुठली रीत?"

"एवढ्यात मान दुखली व्हय, मालक?" कौशल्याबाई म्हणाली. "आमची रोज दुखती."

बायका फिस्सकन हसल्या.

"चालत्या व्हा दोघी!"

छबूबाई घाबरून वाकायला लागली. कौशल्याबाईनं तिचा कोपर घट्ट धरला. तेवढ्यात मागच्या रांगेत निवडत बसलेली शालनबाई सूप घेऊन उभी राहिली. मग एकेक करत सगळ्याच उठल्या. बोंबलांचा ढीग तसाच, आणि उद्या बाजार.

दौलतरावांनी ढिगाकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं, आणि हमालावर ओरडले, "बघतोस काय? माझी गादी पोत्यांवर घाल! उंच!"

दुसरी बाई आली नाही. फळ्या तेवढ्या आल्या.

त्या शुक्रवारी संध्याकाळी काम संपलं तरी छबूबाईनं सवयीनं कौशल्याबाईपुढं हात केला.

"अगं, उभीच हायेस की! आता कशाला हात?"

"उठवायला नाही गो बाय," छबूबाई म्हणाली. "असाच. धर जरा."

मासळीच्या वासाचे ते दोन हात पेठेच्या टोकापर्यंत सुटले नाहीत.